एक जूनची मुलं

मी कमी बोलते, म्हणून प्रत्येक शाळेत मला दप्तराचं काम मिळालं. बाहेरच्या माणसाला वाटतं, प्राथमिक शिक्षिका म्हणजे पाढे, कविता आणि खिचडी. ते असतंच. पण त्याशिवाय हजेरीपट असतो, धान्यसाठ्याची वही असते, दाखल्यांची फाईल असते, आणि या सगळ्यांच्या वर जाड पुठ्ठ्याचं जनरल रजिस्टर असतं. मूल शाळेत दाखल झालं की त्याचं नाव, जन्मगाव, जन्मतारीख त्यात एकदा लिहिली जाते. पुढे दहावीचा बोर्ड, नोकरी, पेन्शन, सगळीकडे तीच तारीख चालते. आई काहीही सांगो, रजिस्टर सांगेल ते खरं. हे मला डी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, डिसेंबरातल्या एका आठवड्यात मी ते शिकले.

आमचं जुन्नरच्या पेठेत कापडाचं दुकान. घर मूळचं राजस्थानातलं, पण पणजोबांपासून इथलंच. मला मात्र शाळेसाठी पुण्याला मामांकडे ठेवलं होतं, इंग्रजी माध्यमात. तिथे मराठी हा आठवड्यातून चार तासांचा एक विषय होता. डी.एड. करून शिक्षणसेवक म्हणून माझी नेमणूक झाली ती घाटघरच्या अलीकडच्या एका वाडीवर. घरच्यांना वाटलं, ही महिन्याभरात परत येईल. मी रोज सकाळच्या एसटीने जायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायची. गावात कोणाकडे चहाला थांबायची नाही. मुलांनी सुरुवातीला माझ्या बोलण्याची नक्कल केली, मग सवय झाली.

शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. पहिली-दुसरी मुख्याध्यापक शेळके गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गुरुजी पिंपरी पेंढारचे. एम-एटी गाडीवर यायचे, डिकीत घरच्या शेतातल्या मिरच्या नाहीतर मेथी असायची, ती खिचडीत पडायची. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते.

त्या डिसेंबरात आमच्या केंद्राच्या बैठकीत ठरलं की प्रत्येक शिक्षकाने एक विषय घेऊन आठवडाभर उपक्रम करायचे. शनिवारी केंद्रप्रमुख येऊन बघतील. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा अधिकारी म्हणजे केंद्रप्रमुख. इतरांनी पाणी, झाडं, बाजार असे विषय घेतले. मी वाढदिवस घेतला. माझ्या शाळेत वर्गाच्या भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता असायचा. ज्याचा वाढदिवस असेल तो रंगीत कपडे घालून येई आणि सगळे त्याच्यासाठी गाणं म्हणत. माझ्या वेळी उभं राहणं मला नकोसं व्हायचं, पण तक्ता आवडायचा. त्यात महिने, बेरीज, आलेख, सगळं शिकवता येईल असं वाटलं.

सोमवारी तारखा उतरवून घ्यायला रजिस्टर उघडलं. माझ्या वर्गात एकोणीस मुलं. त्यांतली सोळा एक जूनला जन्मलेली. मला वाटलं, मी चुकीचा रकाना वाचते आहे. गुरुजींना विचारलं, तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘‘त्यात काय? मी बी एक जूनचाच.’’

मग त्यांनी समजावलं. शाळा जूनमध्ये सुरू होते. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. जन्माचा दाखला कोणाकडे नसतो. मग तारीख कुठली लिहायची, तर अशी, की मूल बरोबर सहा वर्षांचं भरेल. सगळ्या तालुक्यात असंच चालतं. दरवर्षी एकतीस मेला अर्धे गुरुजी एकदम निवृत्त का होतात, तेही मला त्या दिवशी कळलं.

तरी तक्ता केला. अकरा महिने जवळजवळ रिकामे, आणि जूनच्या घरात सोळा नावं मावेनात. मुलांना वाईट वाटेल अशी मला भीती होती. त्यांना मजाच वाटली. फक्त चौथीतली मनीषा हात वर करून उभी राहिली.

‘‘बाई, वाडीत सुईण एकच हाय. तिला एका दिवसात येवढ्या आया कशा पुरल्या?’’

मनीषा अशीच होती. गणित करून झालं की शेजारणीचं तपासायची आणि चूक सापडली की न बोलता बोट ठेवायची. पहिलीत ती दोन वर्षं बसली होती. घरचे त्या वर्षी नारायणगावकडे टोमॅटो तोडायला गेले होते, असं कारण रजिस्टरला होतं. त्यानंतर मात्र ती कधी मागे राहिली नव्हती. तालुक्याबाहेरच्या एका निवासी शाळेत पाचवीपासून मुली घेतात. शिक्षण, राहणं, जेवण सगळं सरकारी. त्याची प्रवेश परीक्षा चौथीतच देता येते, एकदाच. नोव्हेंबरात गुरुजींनी आणि मी तिचा अर्ज भरून पाठवला होता. वाडीतून असा अर्ज पहिल्यांदाच गेला होता.

तो अर्ज त्याच सोमवारी टपालाने परत आला. लाल शाईत लिहिलं होतं: चालू वर्षीच्या एक जून रोजी वयाची दहा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. उमेदवाराची पूर्ण झाली आहेत. त्रुटी असल्यास शनिवारपर्यंत पूर्तता करावी.

पहिलीत सहा, वर एक वर्ष जास्त, म्हणून चौथीच्या सुरुवातीला बरोबर दहा. तारीख दोन जून असती तरी अर्ज चालला असता. मनीषाने कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही. मला असं करणारी माणसं ओळखता येतात.

मंगळवारी मी मुलांना घरी विचारायला सांगितलं: मी जन्मलो तेव्हा काय चाललं होतं आणि कुठे. बुधवारी उत्तरं आली. एक आवणीत, भाताची रोपं लावताना. दोघं हिरडा गोळा करायच्या दिवसांत. एक नवरात्रात तिसऱ्या माळेला. एक आजोबांच्या दहाव्याला, त्यामुळे पेढ्यांचं राहूनच गेलं. एकाचं उत्तर होतं, आई म्हणते बाईंना काय करायचंय.

वर्गाच्या फरशीवर आम्ही खडूने मोठा गोल काढला. त्यात वाडीचं वर्ष बसवलं: पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब भाजणं, पेरणी, आवणी, गौरी, दसरा, कापणी, झोडणी, शिमगा, हिरडा, करवंदं. प्रत्येकाने आपल्या जागी खडा ठेवला. साल कसं ओळखायचं हा प्रश्न आला, तेव्हा मुलांनीच तोडगा काढला. आत आणखी एक छोटा गोल काढायचा; वाडीत वीज येण्याआधीचे खडे बाहेरच्या गोलात, नंतरचे आतल्या. हे प्रत्येक आईला नक्की ठाऊक होतं. तिसरीचे बहुतेक खडे आत गेले, चौथीचे बाहेर. मनीषाने आपला खडा कापणीच्या घरात ठेवला, पण आतल्या गोलात.

चौथीची मुलं लगेच ओरडली की तू चौथीत हायेस, तुझा खडा भाईर. ती खडा उचलेना. ‘‘आई खोटं बोलंल व्हय? शिनोलीला आजीकडं झाले मी. आई वाडीत परत आली तवा लाईट व्हती. तिनं पयल्यांदा बटन माझ्यासाठी दाबलं.’’

वाडीच्या तोंडाच्या विजेच्या खांबावर तो उभा केल्याचं साल रंगवलेलं होतं. दोन मुलं पळत जाऊन वाचून आली. मी फळ्याच्या कोपऱ्यात वजाबाकी केली आणि पुसून टाकली. मनीषा रजिस्टरपेक्षा जवळजवळ दीड वर्षाने लहान होती. एक जूनला तिला नऊसुद्धा पूर्ण नव्हती.

खरं सांगायचं तर हे मला जूनमध्येच जाणवलं होतं. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात तिचा पुढचा, बाजूचा दात पडला होता आणि तिने तो रुमालात बांधून मला दाखवला होता. रजिस्टरला दहा वर्षांची मुलगी, आणि तिच्याहून लहान मुलींचे ते दात येऊन जुने झाले होते. मी मनात नोंद केली आणि गप्प बसले. नवीन माणसाने रजिस्टरबद्दल काय बोलायचं, असं वाटलं. त्या एका गप्प बसण्याने सहा महिने गेले.

गुरुवारी उपक्रम मोजमापाचा होता. सुतळीने उंची मोजायची, हात मोजायचे, मोठे-लहान लावायचे. उंचीत मनीषा मधेच होती. हात मात्र सगळ्या वर्गात तिचे लांब. शाळा सुटल्यावर मी गुरुजींपुढे फळ्यावरची वजाबाकी कागदावर पुन्हा मांडली. आयुष्यात इतकं लांब वाक्य मी वरिष्ठांशी बोलले नव्हते. गुरुजींनी कागद बघितला आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

‘‘तुमी सा म्हैने झालं आला बाई. मी बत्तीस वर्सं रजिस्टर लिवतोय.’’

मी काहीच बोलले नाही. माझ्या न बोलण्याचा लोकांना त्रास होतो, आणि मग तेच बोलतात. थोड्या वेळाने गुरुजींनी आपला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरून दाखवला.

वय ठरवायची ती पद्धत होती. दाखला नसलेलं मूल आलं की त्याला असा कान धरायला सांगायचा. बोटं पोचली की सहा वर्षं पूर्ण. त्यांना स्वतःलाही शाळेत असंच घेतलं होतं.

‘‘तिचा पोचला,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘मान जराशी वाकडी केली व्हती, ती मला दिसली. पण त्या वर्सी पटाला एक पोर कमी पडत व्हतं. एक पोर आलं नसतं तर दुसऱ्या शिक्षकाची जागा गेली असती आन चारी वर्ग माझ्या एकट्याच्या गळ्यात. ती जागा ऱ्हायली, म्हनून आज तुमी हितं हाय. तुमची नोकरी त्या पोरीच्या हातावर आलीय बाई.’’

पट म्हणजे शाळेतल्या मुलांची एकूण संख्या. किती शिक्षक द्यायचे ते त्यावर ठरतं. रजिस्टरमधली तारीख शाळेला आपल्या मनाने खोडता येत नाही. मुख्याध्यापकाने प्रस्ताव द्यायचा, सोबत जन्माचा दाखला लावायचा आणि आधीची तारीख कशावरून लिहिली होती ते स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. निवृत्तीला पाच महिने राहिलेल्या माणसाने हे लिहून दिलं तर चौकशी लागू शकते, पेन्शनचे कागद अडकू शकतात.

‘‘दाखला कुठं मिळनार?’’ त्यांनी शेवटी विचारलं.

मी शिनोली म्हणाले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद असलीच तर तिथल्या ग्रामपंचायतीत असणार. गुरुजी म्हणाले, उद्या चारी वर्ग मी बघतो. सहीबद्दल ते काही बोलले नाहीत.

शुक्रवारी निरोपाप्रमाणे मनीषाची आई पहाटेच्या गाडीने खाली आली. जुन्नरच्या स्टँडवर मी तिची वाट बघत होते. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत भाकरी दोघींची होती. घोडेगावला गाडी बदलून आम्ही शिनोलीला पोचलो. ग्रामसेवक जागेवर होते. मी साल सांगितलं, तिने भावाचं घर सांगितलं. त्यांनी कपाटातून जन्मनोंदीची वही काढली आणि दहा मिनिटांत पान सापडलं. बाळाच्या नावाची जागा रिकामी होती. लिंग स्त्री, आईचं नाव, बापाचं नाव, नोव्हेंबरातली तारीख. कोणीतरी, बहुधा मनीषाच्या आईचे वडील, वेळेवर येऊन सांगून गेलं होतं.

दाखला लिहून होईपर्यंत मनीषाची आई वहीकडे बघत उभी होती. मग तिने हळूच विचारलं, ‘‘सायेब, माझी बी तारीख घावंल का? मी बी हितलीच हाय.’’ ग्रामसेवक म्हणाले, तेवढी जुनी दप्तरं तालुक्याला गेली, तिकडे विचारावं लागेल. ‘‘मग ऱ्हाऊ द्या,’’ ती म्हणाली.

परतीच्या गाडीत तिने मला दाखला वाचून दाखवायला सांगितला. दोनदा. मग बोटांवर मोजलं.

‘‘म्हंजी परवाच नऊची झाली.’’

मी हो म्हणाले.

‘‘मी धा वर्साची म्हनून धाडत व्हते. नऊची पोर ऱ्हाईल का तितं? अजून माझ्या अंगावर पाय टाकून झोपती.’’

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ज्या कागदाने अर्ज चालणार होता, त्याच कागदाने मुलगी लहान झाली होती. गाडी घाट चढत होती. मी ज्या गोष्टी कोणाला सांगत नाही त्यांतली एक तिला सांगितली. मला सात वर्षांची असताना पुण्याला पाठवलं होतं. मामी चांगली होती, तरी पहिला महिनाभर मी रोज न्हाणीघरात जाऊन रडायची. पाण्याचा नळ सोडून ठेवायची, म्हणजे आवाज बाहेर जात नसे.

‘‘मग?’’

‘‘मग शिकले.’’

खोटं मला सांगायचं नव्हतं. जुन्नर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, ‘‘तुमी रडला ते तिला सांगू नगा.’’

शनिवारी सकाळची शाळा. मी पोचले तेव्हा गुरुजी आधीच आलेले, टेबलावर कोरा फुलस्केप कागद आणि हातात पेन. मी दाखला समोर ठेवला. त्यांनी तारीख वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि लिहायला लागले. मी वर्गात गेले.

केंद्रप्रमुख साडेनवाला आले. फरशीवरचा गोल तसाच होता, खडे जागच्या जागी. मुलांनी त्यांना वाडीचं वर्ष फिरवून दाखवलं. सर्वांत जास्त जन्म कापणीत का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका तिसरीतल्या मुलाने शिमग्यापर्यंत बोटं मोजली आणि म्हणाला, नऊ महिने आधी काम नसतं. केंद्रप्रमुख खोकले. मी फळ्याकडे बघितलं.

मग गुरुजींनी मनीषाचा अर्ज, दाखला आणि आपला कागद त्यांच्या हातात दिला. त्यात सरळ लिहिलं होतं: प्रवेशसमयी मुलीचा हात डोक्यावरून कानास पोहोचल्याने वय अंदाजे सहा वर्षे धरले. सदर नोंद माझ्याकडून चुकीची झाली आहे. खाली पूर्ण सही, तारीख, शिक्का.

केंद्रप्रमुखांनी ते दोनदा वाचलं. ‘‘गुरुजी, ‘वडिलांच्या तोंडी माहितीवरून’ असं लिहा ना. तसंच लिहितात सगळे. अंगाशी येणार नाही.’’

‘‘तिचा बाप आलाच नव्हता त्या दिवशी. आई आली व्हती. तिनं सांगितलं व्हतं, पोर लहान हाय म्हनून. मीच न्हाई ऐकलं.’’

मनीषाची आई बोलली होती, हे त्यांनी गुरुवारी मला सांगितलं नव्हतं. केंद्रप्रमुखांनी कागद फाईलला लावला. जाताना दारात थांबून ते म्हणाले, ‘‘माझीही एक जूनच आहे. म्हणजे मी निवृत्तही चुकीच्याच दिवशी होणार.’’ ते हसले नाहीत, त्यामुळे आम्हीही हसलो नाही. अर्ज त्यांनी स्वतः त्याच दिवशी पोचता केला.

माझ्या फाईलला त्या आठवड्याबद्दल ‘चांगला’ असा शेरा मिळाला. ती फाईल केंद्रावर गेली आणि परत आली नाही. मनीषा सोडून एक जूनच्या बाकीच्या पंधरा जणांनी आयांकडून आणलेली उत्तरंही त्यात होती. सोमवारी खिचडीच्या वेळी खडे इकडेतिकडे झाले. त्या पंधरा जणांचे दाखले मिळवायला मी पुढे कधी कुठल्या एसटीत बसले नाही. दप्तर वाढलं, परीक्षा आल्या, अशी कारणं आहेत. ती मुलं आता नोकरीचे अर्ज भरायच्या वयात आली असतील आणि प्रत्येक अर्जावर एक जून लिहीत असतील.

गुरुजींना एक साधं खुलाशाचं पत्र आलं. त्यांनी त्याला उत्तर दिलं, पेन्शन दोन महिने उशिरा सुरू झाली. निरोपसमारंभात त्याबद्दल कोणी बोललं नाही, तेही नाही.

मनीषाची निवड झाली. तिच्या आईने पाठवायचं की नाही ते मेअखेरपर्यंत सांगितलं नव्हतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती तिला पत्र्याच्या पेटीसकट घेऊन गेली, आणि तिकडे तीन दिवस कोणाच्या तरी पडवीत थांबून मग परतली. मी रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याची नोंद केली. कारणाच्या रकान्यात ‘पुढील शिक्षणासाठी’ असं लिहिलं.

जूनअखेरीस मला तालुक्याचं पत्र आलं. शाळेचा पट एकाने कमी भरत असल्याने दुसरं पद अतिरिक्त ठरलं होतं, आणि मला आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेवर जायचं होतं. हरकत घ्यायला सात दिवसांची मुदत होती. नवीन मुख्याध्यापक म्हणाले की आजूबाजूच्या वस्तीवर एखादं पाच वर्षांचं मूल नक्की असेल, आपण बघू. मी त्यांना नको म्हणाले आणि पोच म्हणून सही केली.